तीनशे बावीस ग्रॅमचा गंधार

माझ्या आत्याचं आडनाव काटे नाही. तरी बाजारातली निम्मी माणसं तिला काटेताई म्हणतात आणि तिच्या नावाने येणाऱ्या पाकिटांवरही तेच लिहिलेलं असतं. ती वजनकाटे दुरुस्त करते. किराणावाल्याचा टेबलावरचा काटा, गोदामातला पोती तोलायचा, दवाखान्यातला बाळं तोलायचा, सगळे कधी ना कधी तिच्या टेबलावर उताणे पडून गेलेले आहेत. हे काम आजोबांचं. त्यांनी ते खरं तर माझ्या बाबांना शिकवायला घेतलं होतं, पण अर्धा ग्रॅम इकडचा तिकडे झाला तर बिघडतं काय, हेच बाबांना शेवटपर्यंत कळेना. तेव्हा आजोबांनी त्यांना टपाल खात्याच्या परीक्षेला बसवलं आणि धाकट्या मुलीला दुकानातल्या स्टुलावर.

तेव्हा ती चौदा वर्षांची होती. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी त्रेपन्न. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, राहून गेलं. बाहेर पडताना छत्री घ्यायची राहून जावी त्या सुरात. स्प्रिंगचे काटे गेले आणि बटणांचे आले तेव्हा तिने सहा महिन्यांचा इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग केला, वर्गात सगळ्यांत मोठी होती, आणि पहिली आली. तेव्हापासून तिच्या टेबलावर तराजूच्या दांडीशेजारी डाग द्यायची सोल्डरची तार आणि मीटर. एका मखमलीच्या पेटीत प्रमाण वजनं, प्रत्येक आपापल्या खड्ड्यात. त्यांना हात लावायचा नाही. बोटाचा घामसुद्धा वजनाला असतो, हे मी लहानपणी तिच्याकडूनच शिकले.

दुकान घराच्या पुढच्या भागात, स्वयंपाकघर मागच्या, आणि मधे एक जाळीची खिडकी. आई आणि आत्या दिवसभर त्या जाळीतून एकमेकींशी बोलत असत, बहुतेक वेळा एकमेकींकडे न बघता. आई तिला वन्सं म्हणते, आत्या आईला वहिनी. दोघींचं पटतं. भांडण एकाच गोष्टीवरून, की आई भाजी हातात घेऊन वजन सांगते आणि ते पाच-दहा ग्रॅमने चुकतं. आत्याच्या मते चुकायचंच असेल तर सांगू नये.

आत्याला सूर कळत नाही, हेही सांगून टाकते. गाणं तिला आवडतं, ताल धरते, शब्द पाठ असतात, पण वरचा आवाज कुठला आणि खालचा कुठला हे तिला सांगता येत नाही. रंग न कळणारी माणसं असतात तसं. शाळेत गाण्याच्या बाईंनी समूहगीताच्या वेळी तिला बाजूला घेऊन अगदी मायेने सांगितलं होतं की तू नुसते ओठ हलव. तिने ते मनाला लावून घेतलं नाही, पण मानलं मात्र कायमचं. पुढे कुठेही चारचौघांत गाणं सुरू झालं की आत्या मनापासून ओठ हलवायची. इतकं छान हलवायची की शेजारच्याला वाटायचं हीच गाते आहे. माझी आई लग्नाआधी नऊ वर्षं गाणं शिकलेली. ती भांडी घासतानाही सुरात घासते.

तर एका सोमवारी सकाळी आत्या भंगारवाल्या शेठकडे गेली. त्यांचा जमिनीवरचा मोठा काटा आठ किलो कमी दाखवत होता. पत्र्याखाली एक डब्याचं झाकण चेपून बसलं होतं, ते काढलं, काटा खरं बोलायला लागला. निघताना ढिगाऱ्यात तिला एक काळी लोखंडी पेटी दिसली. लहान सुटकेसएवढी, पुढच्या बाजूला बत्तीस घुंड्या. कधीकाळी तिला बाजाच्या पेटीसारख्या पट्ट्या असाव्यात, पण त्या कुणी तरी उपटून नेल्या होत्या आणि तिथे नुसत्या तुटक्या तारा लोंबत होत्या. शेठ म्हणाले, हे वाजवायचं यंत्र आहे, सिंथेसायझर, कुणाचं तरी घर रिकामं करताना आलं. वाजत नाही, नुसतं गुरगुरतं. हवं तर घेऊन जा.

आत्याने ती पेटी पोटाशी धरून आणली. उघडली तर आत वाटीभर धूळ, एक जळका भाग आणि बाकी सगळं ठणठणीत. तीन दिवस किराणावाल्याचा काटा तसाच पडून राहिला. चौथ्या दिवशी दुपारी दुकानातून असा आवाज आला की समोरचा शिंपी कात्री हातात घेऊनच रस्ता ओलांडून आला. त्याला वाटलं म्हैस अडकली कुठे तरी.

आम्ही धावत गेलो. आत्या स्टुलावर बसून एक घुंडी फिरवत होती. ती हसते तेव्हा आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. तिचे खांदे जोरजोरात हलत होते. घुंडी इकडे फिरवली की म्हैस, तिकडे फिरवली की पिंपात अडकलेला डास. दुसरी घुंडी फिरवली की डासाला उचकी लागे. तिसरी फिरवली की तोच डास जाड रजईखालून बोलल्यासारखा यायचा, मग हळूहळू रजई काढली जायची आणि शेवटी आवाज लख्ख उघडा. शिंप्याने विचारलं की मी एक फिरवू का. मग आईने एक फिरवली. मग मी. बत्तीस घुंड्या होत्या, माणसं चार, आणि अर्धा तास आम्ही कुणी कामाचं एक वाक्य बोललो नाही. बाबा वरून उतरले, चष्मा कपाळावर नेऊन पाहिलं आणि विचारलं की हे कशासाठी. आत्या म्हणाली, अजून माहीत नाही रे दादा. तिला तेवढंही धड बोलता येत नव्हतं, इतका दम लागला होता हसून.

खरं अडलं होतं ते पट्ट्यांवाचून. पेटी एकच लांबलचक आवाज काढायची, गाणं काही काढायची नाही. मागच्या बाजूला एक भोक होतं, वायर खोचायचं. आत्याने तिथे मोजूनमापून थोडी वीज सोडली तर आवाज बदलला. बदलला एवढंच तिला कळलं. पातळ झाल्यासारखा वाटतो, म्हणाली. ती मीटरकडे बघत अगदी सावकाश वीज वाढवत गेली. आवाज सरकत वर निघाला आणि जाळीपलीकडे आई पीठ मळता मळता थांबली.

"वन्सं, थांबा तिथेच," ती म्हणाली. "हा वरचा सा आहे. निघालात खालच्या सा-वरून, पोचलात वरच्यावर."

आत्याने मीटर पाहिला. नेमका एक व्होल्ट. तिने आणखी एक वाढवला. आईने पिठाच्या हातानेच खूण केली, त्याच्याही वरचा सा. आत्या उठून जाळीजवळ गेली आणि तिने विचारलं की खालच्या सा-पासून वरच्या सा-पर्यंत किती घरं. आई म्हणाली बारा. सारखी? साधारण सारखीच.

आता काट्याच्या पोटात काय असतं ते सांगायला हवं, नाही तर आत्या त्या दिवशी दुकानभर का नाचली ते कळणार नाही. बटणाच्या काट्यात ताटलीखाली एक बोटभर धातूचा तुकडा असतो, लोडसेल. ताटलीत वजन ठेवलं की तो केसाच्या हजाराव्या भागाएवढा वाकतो आणि तेवढ्याने त्यातून निघणारी वीज बदलते. दुप्पट वजन, दुप्पट वीज. आत्याने चार तारा जोडल्या, ती वीज वाढवून घेतली आणि एक किलोला बरोबर एक व्होल्ट असं बसवलं. म्हणजे रिकाम्या ताटलीला खालचा सा, एक किलोला वरचा. आणि मधली बारा घरं, हजार भागिले बारा, त्र्याऐंशी ग्रॅम आणि वर एक तृतीयांश. तिने पाटीवर लिहिलं. रे म्हणजे एकशे सदुसष्ट ग्रॅम. म चारशे सतरा. ध बरोबर पाऊण किलो.

"वहिनी, पाऊण किलो ध देऊ का?" तिने जाळीतून विचारलं, आणि आईला पीठ तसंच टाकून बाहेर यावं लागलं, कारण दोघींनाही हसून उभं राहवेना.

त्या संध्याकाळी त्या दोघींनी घरातल्या वस्तू वाजवल्या. कुलूप रे-च्या जरा खाली. मिक्सरचं लहान भांडं प-च्या आसपास. बाबांचे बूट, एक एक करून, निरनिराळे लागले. डाव्याला नवीन टाच होती. तीन बटाटे ठेवून आत्या एक एक काढत गेली तर एक बरी चाल निघाली, ती आईने दुसऱ्या दिवशीपर्यंत गुणगुणली. हाताने ताटली दाबली तर सूर दाबाबरोबर वर चढायचा आणि सोडली की घसरत खाली यायचा. आई त्यातच गुंतून पडली. तळव्याने हलकेच दाबून ती सुरावरून सुरावर अशी सरकायची की ते यंत्र आहे हे विसरायला व्हायचं.

पुढचे दोन महिने आत्याने सूर तोलले. पितळी चकत्या कापून, कानशीने घासून प्रत्येक सुराचं वजन बनवायचं, हिशेबाप्रमाणे ग्रॅमला ग्रॅम. ते ताटलीत ठेवायचं आणि आईने ऐकायचं. रे चालला. पुढचा ग. आईने मान हलवली, चढा आहे म्हणाली. आत्या म्हणाली शक्य नाही, तीनशे तेहेतीस ग्रॅम आहे, मी स्वतः तोललाय. आई म्हणाली असेल, पण चढा आहे, थोडा काढा. आत्याने ओठ मुडपून ग्रॅमभर घासला. अजून. आणखी घासला. अजून थोडा. आत्या कानस चालवत होती आणि आई डोळे मिटून उभी होती. अकरा-साडेअकरा ग्रॅम गेल्यावर आई एकदम म्हणाली, बस. आत्याने तोलला. तीनशे बावीस. चकती परत ताटलीत ठेवून तिने आईला पुन्हा ग ऐकवला, मधेच गुपचूप दोन ग्रॅमची टिकली टाकून. आई डोळे मिटूनच म्हणाली की आता का बिघडवलात.

आत्या आईकडे बघतच राहिली. चाळीस वर्षं ती समजत होती की सूर म्हणजे माणसांची आपापसातली समजूत असणार, एकाने म्हणायचं लागला आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. तो ग्रॅमवर तोलता येतो आणि आपल्या वहिनीच्या कानात असा काटा बसवलेला आहे, हे तिला नवीन होतं. त्यानंतर भाजीच्या वजनावरून तिने आईला कधी टोकलं नाही. ध-मधूनही आईने चिमूटभर काढायला लावलं, पाऊण किलोचा मान गेला. प मात्र पहिल्याच फटक्यात पास झाला.

मग वाजवायची सोय. एक एक चकती उचलून ठेवत बसलं तर गाणं संपायला आठवडा लागेल. आत्याने जुन्या तराजूंच्या सात दांड्या ओळीने लाकडी चौकटीत बसवल्या. प्रत्येक दांडीच्या टोकाला एका सुराची चकती टांगलेली. दांडी दाबली की चकती अलगद खाली उतरून एकाच मोठ्या ताटलीत बसायची, सोडली की उचलली जायची. खालच्या सा-ला दांडीच नाही, त्याचं वजन शून्य. पायाखाली शिंप्याने दिलेलं शिलाई मशीनचं पेडल; ते दाबलं तरच आवाज उघडायचा. चकत्या ताटलीत धडकून सूर थरथरत होते, तेव्हा तिने ताटलीत लोकरीचा जाड नमदा घातला आणि त्या नमद्याचं वजन पुन्हा शून्यात धरलं.

ज्या दिवशी सगळं जमलं त्या दिवशी दुपारी तिने पाय पेडलवर ठेवला आणि सा-पासून वरच्या सा-पर्यंत गेली आणि तशीच उतरली. दोनदा. आई जाळीपाशी पिठाच्या डब्यात हात घालून तशीच उभी.

"वन्सं," ती म्हणाली, "तुम्ही सुरात आहात."

आत्याने तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग ती उठली, दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली आणि समोरच्या शिंप्याला सांगितलं की मी सुरात आहे. शिंपी म्हणाला, ऐकलं मी, आधी मला वाटलं वहिनीच आहेत.

त्याच हिवाळ्यात आमच्या भागातल्या ग्रंथालयाने वरच्या सभागृहात लोकांच्या छंदांचं प्रदर्शन भरवलं. काड्यापेट्या जमवणारे, कागदाचे पक्षी करणारे, एक गृहस्थ होते ते फक्त कुलपं जमवायचे. ग्रंथपालबाईंनी आत्याला सकाळी अकराची वेळ दिली, वीस मिनिटं. आईने चार कडव्यांची चाल बांधली. आत्याने वाजवायचं, आईने गायचं. आत्याने चाल आकड्यांत लिहून पाठ केली. स्वयंपाकघरातून ऐकू यायचं, शून्य, एकशे सदुसष्ट, तीनशे बावीस, शून्य. बाबांनी चौकट हातगाडीवर घालून नेली आणि वाटेत तीन जणांना सांगितलं की हे कशासाठी ते विचारू नका.

सभागृहात साठेक माणसं होती. पहिलं कडवं असं झालं की कुलपवाले गृहस्थ पुढच्या रांगेत येऊन बसले. आत्या ताठ बसली होती, नजर दांड्यांवर, कपाळावर एक घडी नाही. आई तिच्या शेजारी उभी राहून मोकळ्या गळ्याने गात होती. दुसऱ्या कडव्यात मी पाहिलं की आई टाचा जरा जास्तच उचलते आहे. तिसऱ्यात तिच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. खिडकीतून ऊन सरकत येऊन बरोबर काळ्या पेटीवर पडलं होतं. पेटी तापत होती आणि जसजशी तापत होती तसतसे तिचे सगळे सूर एकत्र वर चढत होते. वजनं जिथल्या तिथे होती. आत्याच्या लेखी एका ग्रॅमची चूक नव्हती. आई बिचारी सुराला सोडणार नाही म्हणून त्याच्यामागे वर वर जात होती, आणि आत्या तिला प्रेमाने, शांतपणे, गच्चीवर नेत होती.

चौथ्या कडव्याला आईच्या गळ्यातून सुराऐवजी हसू बाहेर पडलं. तिने तोंडावर हात धरला, पण आईचं हसू एकदा सुटलं की धरून राहत नाही. आत्याने वाजवता वाजवता मान वर केली. तिला वाटलं आपला पदर कुठे अडकलाय. आई कशीबशी म्हणाली, "वन्सं, पेटी तापलीय. आपण पार वर आलोय."

सभागृहात खसखस पिकली. बाबा, ज्यांना सूर, वजन, वीज यातलं काहीच कळत नाही, ते उठले, भिंतीवरचा कागदी पक्ष्यांचा मोठा पुठ्ठा काढून घेतला आणि पेटीवर सावली धरून उभे राहिले. कागदी पक्षीवाल्या मुलीने तो धरायला दुसरं टोक पकडलं. आत्या पेडल दाबून नुसता खालचा सा वाजवत बसली. तो इतका हळू उतरत होता की दोन-चार मिनिटं साठ माणसं श्वास रोखून एक सूर खाली येताना ऐकत होती. आई एक बोट वर धरून उभी होती. बोट खाली आलं, आत्याने चाल उचलली आणि चौथं कडवं पुन्हा पहिल्यापासून झालं. टाळ्या पडल्या तेव्हा बाबांनीही पुठ्ठा सोडून वाकून नमस्कार केला.

नंतर सगळ्यांना वाजवून बघायचं होतं. त्या गर्दीत एक तिशीची बाई मागे थांबून राहिली होती. ती जवळच्या रुग्णालयात व्यायाम शिकवायची, आजारातून उठलेल्या माणसांना पुन्हा उभं करायची; तिथे सगळे तिला फिजिओबाई म्हणत. तिने आत्याला विचारलं की यात चकत्यांऐवजी माणूस ठेवता येईल का. आत्याने विचारलं, किती किलोचा?

फिजिओबाईची अडचण अशी. अर्धांगातून उठलेली माणसं सगळा भार एकाच पायावर टाकतात, दुसऱ्या पायावर विश्वासच ठेवत नाहीत. त्यांना दिवसभर सांगावं लागतं, डावीकडे या, अजून या, फार झालं. आपण कुठे उभे आहोत ते त्यांना कळत नाही, आणि काट्याकडे बघायला मान खाली घातली की तोल जातो. कानाने कळलं तर?

आत्याने दोन फळ्या केल्या, एका पायाला एक. प्रत्येकीखाली चार लोडसेल, आणि व्होल्टचा हिशेब आता माणसाच्या वजनाचा. पण पेटीत सूर एकच होता आणि पाय दोन. तेव्हा ती पेटी उघडून बसली, आतला सूर काढणारा भाग कागदावर जसाच्या तसा उतरवला आणि त्यावरून दुसरा स्वतः बनवला. ते तिने पहिल्यांदाच केलं. आधीची पेटी कुणाच्या तरी हातची होती; ही सुरुवातीपासून तिची. या वेळी ऊन लागलं तरी दोन्ही सूर बरोबरीने चढतील असं तिने त्यांना एकाच पितळी पट्टीवर पाठीला पाठ लावून बसवलं. तीन आठवडे लागले, दोनदा धूर निघाला, एकदा दुकानातले दिवे गेले.

चाचणीला ती स्वतः फळ्यांवर चढली. मी टेबलाशी होते. दोन सूर एकदम सुरू झाले आणि आत्या उजवीकडे झुकली, मग डावीकडे, मग हळूहळू मधे यायला लागली. एका जागी ती थबकली. जरा मागे गेली, पुन्हा तिथेच आली. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं तिला वीज लागली.

"वहिनी," तिने हाक मारली, "जरा बाहेर या. मला काही तरी ऐकू येतंय."

आई आली. आत्या म्हणाली की दोन आवाज आहेत ते राहू दे, पण मधे काही तरी थरथरतंय. पंख्याच्या पात्यासारखं. मी मधे यायला लागले की ते सावकाश होतं. अगदी मधे आले की थांबतं. तुम्हालाही येतं का ऐकू, की माझ्याच कानात आहे?

आई पायरीवर बसली. "दोन सूर जवळ आले की असंच थरथरतात," ती म्हणाली. "एक झाले की थांबतं. यालाच जुळणं म्हणतात वन्सं. आम्ही तंबोरा लावताना हेच ऐकत बसायचो."

 आत्या एका अंगावर झुकली, थरथर वाढवली. सावकाश परत आली, सावकाश करत करत थांबवली. पुन्हा तेच. मग तिचे खांदे हलायला लागले, त्याने तोल गेला, थरथर भरधाव सुटली आणि ते ऐकून ती आणखी हसली. दुपारचा चहा झाला, ती फळ्यांवरच. दोन गिऱ्हाईकं आली, त्यांना तिने पायांखालून थरथर ऐकवत हवं नको विचारलं. आईला वर चढवलं. माझ्या आईने तोवर जन्मात कुणाला आपलं वजन कळू दिलं नव्हतं. इथे आकडाच नाही म्हटल्यावर ती निर्धास्त डुलत राहिली. मग दोघी एक एक फळीवर चढून एकमेकींचे दंड धरून उभ्या राहिल्या, आणि सूर जुळेनात, कारण आई आत्याहून बरीच जास्त निघाली. आकडा नव्हता तरी ते सगळ्यांना ऐकू आलं. त्यावरही त्या हसल्या, आई जरा उशिराने.

रुग्णालयात फळ्या नेल्या तो मंगळवार होता. लांब खोली, भिंतीला आडवे दांडे, मोठा आरसा, कोपऱ्यात फिजिओबाईचे चेंडू. पहिला नंबर एका निवृत्त बसड्रायव्हरचा. धिप्पाड माणूस, उजवी बाजू गेलेली, चार महिने कुणाशी धड बोलत नव्हता. दांड्याला धरून त्याला फळ्यांवर उभं केलं. डावा सूर वर कुठे तरी चिरका, उजवा खोल तळाशी, दोन्ही एकमेकांना ओळख न दाखवणारे. फिजिओबाईने त्याला काहीच सांगितलं नाही. आत्या समोर उभी राहून आपल्याच पायांवर डावीउजवीकडे डुलायला लागली. तो तिच्याकडे बघत राहिला आणि इंचभर उजवीकडे आला. सूर जवळ सरकले. आणखी इंचभर. थरथर सुरू झाली, आधी घाईची, मग बैलगाडीच्या चालीची, मग एक मोठा झोका, आणि एका क्षणी काहीच नाही, नुसता एक सरळ, जाड, शांत सूर. तो डोळे विस्फारून उभा राहिला. पाच-सहा सेकंद. मग सुटला.

"पुन्हा," तो म्हणाला.

त्याने अकरा वेळा केलं. सातव्या वेळेला त्याने दांडा सोडला, कुणाच्या लक्षात यायच्या आधी. नवव्या वेळेला तो मुद्दाम जुळलेला सूर मोडून पुन्हा जुळवत होता आणि त्याचं अर्धं तोंड हसत होतं. रांगेतल्या म्हाताऱ्या बाई चाकाच्या खुर्चीतून ओरडल्या की आम्हालाही दिवस मावळायच्या आत मिळेल का. शेजारच्या खोलीतल्या परिचारिका आवाज कसला म्हणून तक्रार घेऊन आल्या आणि त्यांतल्या दोघी फळ्यांवर चढल्या. ड्रायव्हर भिंतीला टेकून त्यांना सूचना देत होता, उजवीकडे घ्या, अजून घ्या, बस, बस, सोडा क्लच.

निघताना त्याने आत्याला विचारलं की हे घरी न्यायला मिळेल का. आत्याने त्याला विचारलं की घरात जमीन सपाट आहे का, आणि दारातून किती रुंदीची फळी आत येईल. त्याला रुंदी माहीत नव्हती. त्याने तिथूनच बायकोला फोन लावला आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोलला. टेप काढ, म्हणाला, आणि दार मोजून सांग. आत्या पेन्सिल कानामागून काढून उभी राहिली.